टेकचंद डॉक्टरांचं पीस

टेकचंद डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी त्याच्या चपलांकडे. दवाखान्याच्या पायरीवर पेशंटांच्या चपलांचा ढीग पडलेला असे. डॉक्टर आले की आत जाण्याआधी पायरीपाशी उकिडवे बसत, एकेक चप्पल उलटी करून तिचा तळ निरखत आणि मग जोडीला जोड लावून, तोंडं रस्त्याकडे करून, सगळ्या ओळीनं मांडून ठेवत. नवख्या माणसाला वाटे की हा चपला सांभाळणारा म्हातारा असावा. मलाही तसंच वाटलं. "नीट ठेवा हो बाबा, नव्या आहेत," असं बजावून मी आत जाऊन बाकावर बसले, तर तोच म्हातारा मागून आला, खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवून टेबलापलीकडे बसला आणि मला म्हणाला, "नवी कुठे आहे तुझी चप्पल? टाच बाहेरून झिजली आहे. गुडघा दुखतो?"

गुडघा दुखत होता. पण लग्नाला जेमतेम चार वर्षं झालेल्या बाईनं गुडघेदुखी कबूल करायची नसते. मी "नाही" म्हटलं आणि वर, "मी पेशंट नाहीच, पेशंट या आहेत," असं सांगून शेजारी बसलेल्या कुसुमवहिनींकडे बोट केलं.

"ते मला कळलं," डॉक्टर म्हणाले. "डावी चप्पल पुढून खरडलेली, आणि अंगठ्याला सुतळीनं बांधलेली. ती हिची."

हे सगळं पन्नास सालानंतरचं. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. कुसुमवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. डॉक्टरांचा दवाखाना उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात. लढाईच्या वेळी सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी तिथे होत्या, त्यांत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन राहिली होती. एका बराकीच्या टोकाला गोणपाटाचा पडदा लावून डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. पडद्याच्या पलीकडे बायका पापड लाटत. त्यामुळे इतर दवाखान्यांना औषधांचा वास येतो, तसा या दवाखान्याला हिंगमिऱ्यांचा येई. तहान लागली म्हणून पाणी मागितलं की पडद्याआडून पाण्याबरोबर भाजलेला पापडही येई. नुसतं पाणी देणं त्यांच्यात बरं दिसत नाही. काही लोक तर डॉक्टरांपेक्षा त्या पापडासाठीच येत असावेत, अशी मला शंका आहे.

डॉक्टर सिंधमध्ये मोठ्या इस्पितळात होते म्हणे. तिथून येताना त्यांनी काय आणलं, तर टाचणी खोचलेलं एक बूच, रबरी डोक्याची हातोडी, काचेच्या दोन नळ्या आणि आपटल्यावर गुणगुणणारा एक लोखंडी चिमटा. तो चिमटा ते घोट्याच्या हाडावर टेकवत आणि "थरथर लागते?" असं विचारत. माणसाच्या शिरा, म्हणजे रक्ताच्या नव्हेत तर ज्यांनी स्पर्श कळतो त्या, हा त्यांचा आवडीचा विषय. खोकला घेऊन आलेल्या माणसाचीसुद्धा ते हाताची बोटं तपासून बघत आणि मगच नाइलाजानं छातीकडे वळत.

कॅम्पात मात्र त्यांची ख्याती फारशी चांगली नव्हती. तिथे डॉक्टर म्हणजे सुई देणारा. आणि हा डॉक्टर सुई टोचायचा, पण तिच्यातून आत औषध काही घालायचा नाही. टाचणी टोचून "तीखी लागली की बोथट?" असं विचारून सोडून द्यायचा. "पैशे घेतो आनि नुसता टोचतो," अशी तक्रार एका भाजीवालीनं माझ्या देखत त्यांच्या तोंडावर केली होती. डॉक्टर म्हणाले, "टोचलेलं कळलं ना तुला? मग तू चांगली आहेस. जा."

मराठी ते याच भाजीवाल्यांकडून शिकले होते. त्यामुळे त्यांच्या मराठीत आदरार्थी बहुवचन नव्हतंच. कारखान्याचे साहेब असोत की सत्तरीच्या बाई असोत, सगळ्यांना सरसकट "तू". म्हाताऱ्या बाईला ते प्रेमानं "म्हातारे" म्हणत. बाजारात त्यांनी तेच ऐकलं होतं आणि ते सन्मानाचंच संबोधन असणार, अशी त्यांची समजूत होती. तरुण बायकांना मात्र "अदी", म्हणजे सिंधीत ताई.

त्यांच्या सगळ्या हत्यारांत मानाचं होतं ते पीस. ते सिंधमधून आलेलं नव्हतं, बदलापूरजवळच्या शिरगावच्या हिराजीनं ते पुरवलेलं होतं. हिराजी शेतकरी. "पायान काटा जेला तरी मना कल्ला नाय," अशी तक्रार घेऊन तो आला होता. त्याला महारोग निघाला. त्याचं नवं औषध नुकतंच मिळू लागलं होतं. डॉक्टर त्याला गोळ्या देत आणि इतरांसारखंच बाकावर बसवत. उपकाराची फेड म्हणून हिराजीनं एक कोंबडी आणून दिली. डॉक्टर शाकाहारी. त्यांनी कोंबडी पाळली आणि तिची गळालेली पिसं तपासणीला घेतली. कापसाच्या बोळ्यापेक्षा ती बरी, असं त्यांचं मत पडलं. तेव्हापासून "पिसवाला डॉक्टर" हे नाव त्यांना चिकटलं.

पिसाची तपासणी अशी. डोळे मिटायचे. पीस लागलं की "हो" म्हणायचं, नाही लागलं तर गप्प बसायचं. यात अवघड काही नाही, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या लोकांना डॉक्टरांचं मन मोडवत नाही. ते बिचारे इतक्या आशेनं पीस हातात धरून बसलेत, तर आपण गप्प कसं बसायचं, म्हणून माणसं उगीचच "हो, हो" करत. डॉक्टर हे ओळखून होते. ते मधेच पीस हवेत धरून मजेत बसून राहत आणि कोण किती वेळा "हो" म्हणतो ते बघत. खोट्या "हो"चा त्यांना कधी राग आलेला मी पाहिला नाही. "शरीफ आदमी है," एवढंच म्हणत आणि पुन्हा सुरुवात करत.

आता कुसुमवहिनींना तिथे का न्यावं लागलं, ते सांगते.

वहिनींना बाळंतपणानंतर संधिवात लागला. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असायची, पातेलं धरवायचं नाही. दुपारपर्यंत जरा सैल व्हायची. हाताची पेरं सुजली, कोपरांवर बोराएवढ्या गाठी आल्या. वैद्य झाले, काढे झाले, लेप झाले. वहिनी मूळच्याच सोशिक. कण्हतानासुद्धा कुणाला त्रास होणार नाही अशा बेतानं कण्हायच्या. मग एका पावसाळ्यानंतर त्यांना बारीक ताप येऊ लागला, वजन उतरलं आणि डाव्या पायाची आग आग व्हायला लागली. आग थांबली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटल्या.

त्याच सुमाराला आम्ही दोघी शिवमंदिरात गेलो होतो. परत येऊन अंगणात पाय धुवायला उभ्या राहिलो, तर वहिनींच्या डाव्या पायात चप्पलच नाही. वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मी पोट धरधरून हसले. वहिनीही हसल्या. मी मागे जाऊन चप्पल शोधून आणली आणि पुन्हा निसटू नये म्हणून अंगठ्याला सुतळीनं बांधून दिली. आपण फार हुशारी केली, असं मला वाटलं होतं.

सासूबाईंचा शेकावर फार विश्वास. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि दुखऱ्या सांध्याला लावायची. "सोसेल तेवढंच ठेव, चटका बसला की सांग," असं त्या दर वेळी सांगत. वहिनींनी वीट तळपायाला लावली आणि चटका बसायची वाट पाहत बसल्या. तो बसलाच नाही. फडकं सोडलं तेव्हा तळव्याला हा एवढा फोड, आणि वहिनी म्हणतात, "दुखत नाही हो काही."

त्या दोन शब्दांनी घात केला. फोड आलाय आणि दुखत नाही. पायाला चप्पल कळत नाही. कोपरांवर गाठी आहेत. शेजारच्या काकूंनी तीन गोष्टी जोडल्या आणि पदर तोंडाशी नेऊन सासूबाईंच्या कानात तो शब्द उच्चारला. महारोग.

घर एका दिवसात बदललं. वहिनींची कपबशी खिडकीच्या बाहेरच्या फळीवर गेली. त्यांचं अंथरूण मागच्या खोलीत गेलं. चिमी, त्यांची चार वर्षांची मुलगी, आईच्या कुशीत हात घालून झोपायची, तिला सासूबाईंनी आपल्याजवळ घेतली. ती दाराशी जाऊन "आई, मी येऊ?" असं विचारायची आणि वहिनी आतून "नको ग सोने, उद्या" म्हणायच्या. त्या आवाजाची आठवण झाली की मला अजून भरून येतं. शेवटी असं ठरलं की पौर्णिमा झाली की वहिनींना कोकणात माहेरी पोचवायचं. चिमी इथेच राहील. परत कधी आणायचं, याबद्दल कुणी बोललं नाही. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, कारखान्यात शंभर माणसांवर हुकूम चालवत, पण आईपुढे त्यांची मान वर होत नसे.

मग मी बाजाराला जाते असं सांगून वहिनींना टांग्यात घातलं आणि पिसवाल्या डॉक्टरांकडे नेलं. महारोगाचे पेशंट ते बरे करतात, एवढंच मी ऐकलं होतं. माझीही खात्री झालेलीच होती, दुसरं काय.

डॉक्टरांनी अख्खी सकाळ वहिनींना दिली. आधी पीस, मग टाचणी, मग गरम आणि गार पाण्याच्या नळ्या, मग चिमटा. कोपराच्या मागे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटं फिरवून त्यांनी शीर चाचपली. कानाच्या पाळ्या पाहिल्या, भुवया पाहिल्या, पाठीवर पोटावर कुठे चट्टा आहे का ते मला बघायला लावलं. "पाय वर उचल," म्हणाले. वहिनींचं पाऊल उचललं जाईना, ते खालीच लोंबत राहिलं. "आधी आग झाली की आधी बधिर झालं? हळूहळू झालं की एकदम?" असे प्रश्न त्यांनी तीन-तीन वेळा विचारले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोटही बधिर होतं. हे आम्हालाच काय, वहिनींनाही माहीत नव्हतं.

"अदी," शेवटी ते म्हणाले, "मला वाटतं, हा महारोग नाही. महारोगात शीर दोरीसारखी जाड लागते, चट्टे येतात, आणि सगळं हळूहळू, न दुखता होतं. हिची शीर बारीक आहे. आग झाली आणि एकदम गेलं. एक शीर पायातली, एक हातातली, दोन जागी. हा हिचा वातच आहे. सांध्यांत होता, आता शिरांना रक्त देणाऱ्या बारीक नळ्या सुजल्या. शीर उपाशी राहिली. कोपरावरच्या गाठी पण वाताच्याच."

वहिनी डोळे पुसायला लागल्या तसे ते गडबडले. "रडू नको. मला वाटतं, असं म्हटलं मी. कानाच्या पाळीचा कण काढून मुंबईला पाठवतो. खात्री झाल्याशिवाय नाचायचं नाही."

"पौर्णिमेला मला पाठवणार आहेत," वहिनी म्हणाल्या. बाकावर शेजारी हिराजी आपल्या गोळ्यांसाठी बसला होता. तो सगळं ऐकत होता. तो डॉक्टरांना म्हणाला, "डाक्तर, तुमी सोता जावा तेंच्या घरान. बाईमानसाचा कोन ऐकंल?"

रविवारी सकाळी डॉक्टर सायकलवरून आमच्याकडे हजर झाले. दारात उकिडवे बसून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चपला आधी ओळीत लावल्या. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. "कोण ग हा? चपला चोरायला आलाय का?" असं त्यांनी मला विचारलं. तेवढ्यात डॉक्टर आत आले आणि हात जोडून म्हणाले, "काय म्हातारे, बरी आहेस?"

आमच्या घरात सासूबाईंना असं कुणी बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. डॉक्टरांनी पाणी मागितलं. मी पेला आणला. त्यांनी पेल्याच्या मागे पाहिलं, पापड नाही हे बघून घेतलं, मग त्यांची नजर खिडकीबाहेरच्या फळीवर गेली. "ती कपबशी कुणाची?"  त्यांनी स्वतः उठून ती आणली, पेल्यातलं पाणी तिच्यात ओतलं आणि सावकाश प्याले. भाऊजींनी मान खाली घातली.

"मी डॉक्टर. हिला दवाखान्यात मी तपासलं, मुंबईहून अहवाल यायचाय," डॉक्टर म्हणाले. "तोवर ही कुठे जाणार नाही."

"आमचं ठरलंय," सासूबाई म्हणाल्या. "घरात लहान मूल आहे. मला तिची काळजी घेतलीच पाहिजे. हिला स्पर्श कळत नाही, हे तुम्हीच तपासलंत ना? मग आणखी काय बघायचं राहिलं?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "स्पर्श न कळणारं माणूस घरात नको. मग सगळ्यांनाच तपासू. आधी तू बस."

सासूबाई बसल्या. त्यांना कशाची भीती म्हणून नव्हतीच, निदान आम्हाला तसं वाटे. डोळे मिटले, दोन्ही हात मांडीवर पुढे ठेवले आणि परीक्षेला बसल्यासारख्या ताठ झाल्या. डॉक्टरांनी खिशातून पीस काढलं. कोंबडीचं आहे हे मी सांगितलं नाही, नाहीतर तिथेच सगळं संपलं असतं.

"हो," सासूबाई म्हणाल्या. पीस अजून हवेत होतं.

"हो." अजून हवेतच.

"हो, लागलं," त्या ठासून म्हणाल्या. चिमी फिसकन हसली. डॉक्टरांनी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि आता खरोखर पीस टेकवलं. करंगळीवर टेकवलं, सासूबाई "हो" म्हणाल्या. मग अंगठ्यावर. सासूबाई गप्प. तर्जनीवर, मधल्या बोटावर. गप्प. दुसऱ्या हाताला तसंच. डॉक्टरांनी टाचणी काढली आणि तर्जनीच्या टोकाला लावली. सासूबाई शांतपणे डोळे मिटून पुढच्या "हो"ची वाट पाहत बसल्या होत्या.



"डोळे उघड, म्हातारे," डॉक्टर म्हणाले. टाचणी अजून बोटाला टेकलेली होती. सासूबाईंनी ती पाहिली. "दोन टांगे सांगायला पाहिजेत," डॉक्टर भाऊजींना म्हणाले, "एक बायकोसाठी, एक आईसाठी."

मला वाटलं, आता सासूबाई त्यांना हाकलून देणार. पण त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि इतक्या बारीक आवाजात बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "रात्री फार मुंग्या येतात," त्या म्हणाल्या. "उठून हात झटकावे लागतात. वर्ष झालं. सुई ओवता येत नाही. मला वाटलं, मलाही तेच."

म्हणजे वर्षभर ही बाई स्वतःच्या बोटांना घाबरत होती आणि कुणाला सांगत नव्हती. काकूंनी तो शब्द उच्चारला तेव्हा तिला ऐकू आला होता तो स्वतःसाठी. त्या दिवसापर्यंत मला सासूबाईंचा राग येत होता. तो मला परत कधी नीट येऊ शकला नाही, आणि त्याबद्दल मी डॉक्टरांवर थोडी नाराजच आहे. एवढा चांगला राग होता.

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. "तुला काही नाही झालं. जन्मभर दळलंस, लाटलंस, पिळलंस. मनगटात एक अरुंद बोळ आहे, तिथून शीर जाते. बोळ सुजला, शीर दबली. फळी बांधून झोप, कमी होईल. नाही झालं तर पुढे बघू." मग भाऊजींकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "आणि समज, महारोगच निघाला असता, तरी घराबाहेर कशाला? हिराजीला गोळ्या देतो. तो घरीच जेवतो, नातवंडं मांडीवर घेतो. औषध आलंय आता. शिरगावात कळलं, अंबरनाथमध्ये कळायचं राहिलं."

 पौर्णिमा आली तशी गेली. मुंबईहून कानाच्या कणाचा निकाल आला, त्यात महारोगाचे जंतू नव्हते. पण खरं सांगायचं तर तो येण्याआधीच कपबशी घरात आली होती. ती कुणी आणली हे मला ठाऊक आहे. सासूबाईंनीच, आम्ही कुणी बघत नाही असं समजून.

खरं काम नंतर सुरू झालं. तेव्हा एक नवं औषध आलं होतं, कॉर्टिझोन. मुंबईलासुद्धा ओळखीनं मिळायचं. डॉक्टरांनी कुणाकुणाला गाठून ते मिळवलं. "चेहरा पुरीसारखा फुगेल, घाबरायचं नाही. मीठ कमी. आणि गोळी मनानं बंद करायची नाही," असं त्यांनी वहिनींना बजावलं. चेहरा फुगला. शेजारच्या काकू येऊन "छान बाळसं धरलंय हो," म्हणून गेल्या. ताप उतरला, सांधे सैल झाले, आणि वहिनींना वाटलं आता कशाला उगीच, म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांत अंथरुणाला खिळल्या. त्या दिवशी मी डॉक्टरांना चिडलेलं पाहिलं, एकदाच. चिडल्यावर ते सिंधीत बोलत. एक अक्षर कळलं नाही, पण वहिनींनी पुन्हा कधी गोळी चुकवली नाही. पुढे डॉक्टरांनीच ती इतक्या हळूहळू उतरवत नेली की उतरतेय हे आम्हाला समजतही नव्हतं.

लोंबणाऱ्या पावलासाठी त्यांनी कॅम्पातल्या मोच्याजवळ बसून एक पट्टा करून घेतला. गुडघ्याखाली कातडी कडं, तिथून चपलेच्या टोकापर्यंत रबर, म्हणजे पाऊल आपोआप वर उचललं जाई. चिमीला तो फार आवडला. तिला स्वतःलाही तसाच हवा होता आणि तो मिळेना म्हणून ती एक संध्याकाळ जेवली नाही. माझी सुतळी डॉक्टरांनी सोडून माझ्या हातात ठेवली. "ही घे. चोळणीला वापर," म्हणाले. त्यांना बहुधा चोळीला, म्हणजे पोलक्याला, म्हणायचं होतं, पण पोलक्यालाही सुतळी कशी वापरायची ते मला कळलं नाही.

शेक बंद. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघायचं. अनवाणी फिरायचं नाही. आणि रोज दिवेलागणीला दोन्ही तळवे बघायचे. कुठे खरचटलंय का, फोड आहे का, काटा आहे का. "हे हिनं स्वतः नाही करायचं," डॉक्टर म्हणाले. "हिची मान वळत नाही, बोटं वळत नाहीत. दुसऱ्यानं बघायचं. म्हातारे, तू."

सासूबाई तोवर बऱ्याच निवळल्या होत्या, पण हे फारच झालं. "मी? सासूनं सुनेचे पाय धरायचे?"

"धरायचे नाहीत. बघायचे."

"डॉक्टर, तुमच्यात चालत असेल."

"आमच्यात पण नाही चालत," डॉक्टर म्हणाले. "पण ही अदी घाईघाईत बघेल, तिचं लक्ष नसतं. नवरा कामावर. तू वीट लावलीस, तूच बघ. तुझ्याइतकं बारीक कुणी बघणार नाही." यात रागावणं, समजावणं आणि कौतुक असं सगळंच होतं. सासूबाईंना त्यातलं कौतुक तेवढं ऐकू आलं असावं. माझ्याबद्दल जे म्हणाले, तेही तसं खरंच होतं.

पहिल्या संध्याकाळी वहिनी पाय पुढे करीनात. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं झालं होतं. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, तोच दिवा घेऊन आल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आण इकडे. मलाही काही हौस नाही." मग पदरानं तळवा पुसला आणि दिव्याच्या उजेडात बघत बसल्या. हाताला रात्रीची फळी बांधायचं अजून लक्षात राहत नव्हतं, बोटांना नीट कळत नव्हतं, म्हणून त्या गाल जवळ नेऊन फोडाची जागा तपासत. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे आवरले. त्या रात्री चिमी आईजवळ झोपली.

चिमीलाही डॉक्टरांनी काम दिलं होतं. कोंबडीचं एक पीस तिच्या हातात देऊन ते म्हणाले होते, "रोज आईच्या पायावर फिरव. एक दिवस ती ओरडेल." मला त्यांनी बाजूला घेऊन वेगळं सांगितलं. "शीर परत वाढते, पण नखापेक्षा हळू. पूर्ण येईल असं मी म्हणत नाही. किती येईल ते माहीत नाही." चिमी रोज पीस फिरवी, वहिनी रोज गप्प राहत. कधी म्हणायच्या, "जाड कापडाआडून कुणी हात लावल्यासारखं वाटतं." डॉक्टरांना हे कळवलं की ते "शरीफ औरत है" म्हणून मान हलवत. आम्हाला बरं वाटावं म्हणून ती खोटा "हो" म्हणतेय, असं त्यांना वाटायचं.

असं वर्ष गेलं, त्याहून जास्तच. पट्टा आधी ढिला झाला, मग चिमीच्या बाहुल्यांच्या खेळात गेला. सासूबाई सुई ओवू लागल्या. फळीची सवय त्यांना अशी लागली की गावाला जातानाही ती वळकटीत असे. डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी येत, चपला लावत, तपासत, आणि आता आमच्याकडेही पाण्याबरोबर पापड मिळत असे.

मग कळलं की डॉक्टर अजमेरला पुतण्याकडे राहायला चालले. वय झालं होतं. एका दुपारी ते निरोप घ्यायला आले. घर झोपलेलं. सासूबाई माजघरात, वहिनी आणि चिमी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. मी दार उघडलं. डॉक्टर आत पाऊल टाकणार, तोच थांबले आणि त्यांनी मला हातानं गप्प राहायला सांगितलं.

चिमी जागीच होती. आईच्या पायथ्याशी पालथी पडून ती तळव्यावर पीस फिरवत होती, रोजचं काम म्हणून, काही न बोलता. वहिनींचे डोळे मिटलेले, श्वास संथ. त्यांना गाढ झोप लागली होती. पीस टाचेवरून निघून बोटांकडे गेलं आणि वहिनींचा पाय एकदम मागे ओढला गेला.

"चिमे, सोड ना," वहिनी झोपेतच म्हणाल्या. "गुदगुल्या होतायत."

आणि कूस बदलून पुन्हा झोपल्या.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. झोपेतल्या माणसाला खोटा "हो" म्हणता येत नाही, हे त्यांनी मला शिकवायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मी म्हटलं, "उठवते ना त्यांना." ते नको म्हणाले. आत आलेच नाहीत. दारात उकिडवे बसले, वहिनींची डावी चप्पल उचलून उलटी केली, टोकावरून अंगठा फिरवला, मग उजवी पाहिली. दोन्हींचा तळ सारखाच झिजला होता. मग सगळ्यांच्या चपला त्यांनी जोडीला जोड लावून, तोंडं रस्त्याकडे करून ओळीनं मांडल्या. सर्वांत पुढे वहिनींच्या. "अदी, गुडघा बघून घे कुणाकडून तरी," एवढं मला म्हणाले आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसताच, चालत गेले.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

चार वाजता सासूबाई उठल्या, चहा ठेवायच्या आधी दार उघडायला गेल्या आणि तिथेच थबकल्या. "डॉक्टर येऊन गेले?" त्यांनी विचारलं. मी काही सांगितलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं, पीस, पाय, गुदगुल्या, अजमेर. त्या चपलांच्या ओळीकडे बघत कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिल्या.

संध्याकाळी वहिनींना शिवमंदिरात जायचं होतं. त्या चपला घालायला गेल्या, तर सासूबाईंनी त्यांना हात धरून थांबवलं. "आज नको," म्हणाल्या. "माझ्या जुन्या घाल. या राहू देत आजच्या दिवस अशाच."